हरलो

१५ ऑगस्ट २०२०. रात्रीचे साडेबारा वाजून गेलेले, म्हणजे आपल्याकडे स्वातंत्र्यदिन लागलेला. लिस्बनमध्ये अजून १४ तारखेची संध्याकाळ होती. बार्सिलोना विरुद्ध बायर्न म्युनिक, चॅम्पियन्स लीगची उपांत्यपूर्व फेरी, करोनामुळे एकाच सामन्यात निकाल. चौथ्या मिनिटाला म्युलर. सातव्या मिनिटाला बायर्नच्या अलाबाने स्वतःच्याच जाळ्यात चेंडू घातला आणि बरोबरी झाली, तेव्हा आमच्या ग्रुपवर आशेचे चार-पाच मेसेज पडले. मग एकविसाव्या मिनिटाला पेरिसिच, सत्ताविसाव्याला ग्नाब्री, एकतिसाव्याला पुन्हा म्युलर. ग्रुप गप्प. शेवटी २–८. त्यातले शेवटचे दोन गोल कुटिन्योचे. हा कुटिन्यो बार्सिलोनाचाच खेळाडू, त्या मोसमापुरता बायर्नला उसना दिलेला. शेजाऱ्याला उसनं दिलेलं पातेलं त्याने आपल्याच डोक्यात घालावं, तसं.

मी तो सामना आसनगावच्या घरात पाहिला. फोन उशीला टेकवलेला, आवाज बंद, कारण त्याच खोलीत आई-बाबा झोपलेले. चौथा गोल झाला तेव्हा मी नकळत उठून बसलो असणार. आई जागी झाली, माझ्या तोंडाकडे बघून घाबरली. “काय झालं रे? कुणाचा फोन आला?” ते दिवस आठवत असतील तर या प्रश्नाचा अर्थ वेगळा सांगायला नको. त्या ऑगस्टमध्ये रात्री एक वाजता फोन हातात धरून बसलेला माणूस म्हणजे कुणीतरी गेलं. मी म्हणालो, “काही नाही गं, मॅच.” ती क्षणभर बघत राहिली. “मग झोप की,” म्हणाली आणि तिने कूस बदलली.

काही नाही, मॅच. या उत्तराची मला अजून थोडी लाज वाटते, आणि ते खोटं होतं असंही वाटतं. काहीतरी झालं होतं. ते सांगायला माझ्याकडे वाक्य नव्हतं. हा लेख त्या न सापडलेल्या वाक्याबद्दल आहे. युरोपातल्या पराभवानंतर मराठी चाहता काय बोलतो, काय लिहितो, आणि त्यातलं किती त्याचं स्वतःचं असतं?

स्टेटस आणि मीम यांची कसली समीक्षा, असं कुणी म्हणेल. पण आमच्या वयाची पोरं मराठीत सगळ्यात जास्त जे लिहितात ते हेच आहे. चोवीस तासांत विरून जाणारं का असेना, ते लेखन आहे. त्याला ठरलेले साचे आहेत, त्यात चांगलं-वाईट आहे, चोरी आहे, आणि क्वचित कधीतरी एखादा खरा शब्दही आहे.

आधी जागा सांगतो. शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्याचे दोन ग्रामीण तालुके. शहापूरला निदान कसारा मार्गाची लोकल आहे – वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी. मुरबाडला रेल्वे नाही, कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता आहे आणि एसटी आहे. इथला मैदानी खेळ म्हणजे टेनिस बॉलचं क्रिकेट. भातकापणी उरकली की रिकाम्या शेतात खेळपट्टी तयार होते, मग मे महिन्यापर्यंत दर रविवारी मंडप, स्पीकर आणि गावच्या बोलीतली कॉमेंट्री. त्याखालोखाल कबड्डी. फुटबॉलचे गोलपोस्ट मी या दोन तालुक्यांत मोजकेच पाहिलेत. म्हणजे आमच्यातल्या बहुतेकांनी ज्या खेळासाठी रात्री जागवल्या तो खेळ आम्ही धडपणे कधी खेळलोच नाही. मोबाइलवरचा ‘ड्रीम लीग सॉकर’ धरला तर गोष्ट वेगळी.

चाहते आले ते डेटासोबत. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि फुकटच्या डेटावर गावोगावची पोरं रात्रभर व्हिडिओ बघायला लागली. मेस्सीच्या गोलांची सात मिनिटांची संकलनं, वर कसलंतरी अरबी नाहीतर स्पॅनिश संगीत. त्यातून माणूस बार्सिलोनाचा झाला. कुणी रोनाल्डोमुळे रिआलचा झाला, कुणी मोठ्या भावामुळे युनायटेडचा. प्रत्यक्ष सामने त्यानंतर आले. एकाचं सबस्क्रिप्शन आणि पाच जणांकडे पासवर्ड, किंवा टेलिग्रामवरची लिंक, जी नेमकी कॉर्नरच्या वेळी अडकायची.

इथे एक क्रूर गंमत आहे आणि तिच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलेलं नाही. बार्सिलोनाने शेवटची चॅम्पियन्स लीग जिंकली ती ६ जून २०१५ ला, बर्लिनमध्ये. जिओच्या सव्वा वर्ष आधी. म्हणजे स्वस्त डेटावर आलेल्या पिढीने क्लबची कीर्ती व्हिडिओत पाहिली आणि लाइव्ह पाहिले ते पराभव. २०१७ च्या मार्चमध्ये पॅरिसच्या संघाविरुद्ध ६–१ चा चमत्कार झाला खरा, पण पुढच्याच महिन्यात तुरिनला युव्हेन्टसने ३–० ने हरवलं. २०१८ मध्ये पहिली लढत ४–१ जिंकूनही रोममध्ये ०–३, बाहेर. २०१९ मध्ये पहिली लढत ३–० जिंकूनही अॅनफिल्डवर ०–४. त्यातला चौथा गोल तर बार्सिलोनाचे खेळाडू कॉर्नरसाठी जागेवर उभे राहायच्या आत झाला. २०२० मध्ये आठ. २०२१ मध्ये घरच्या मैदानावर पॅरिसकडून १–४. मग लागोपाठ दोन मोसम गटातच गारद. २०२४ मध्ये पुन्हा पॅरिस, पुन्हा घरी, पुन्हा १–४. २०१६ ला सातवीत असलेला मुलगा या यादीच्या शेवटापर्यंत पोचला तेव्हा मिशी फुटून नोकरी शोधत होता. स्पेनमधली लीग मधूनमधून जिंकली जायची, पण रात्री जागून बघायचे ते युरोपातले सामने, आणि तिथे दर वसंतात हेच.

युनायटेडवाल्यांचं दुःख वेगळ्या जातीचं. २७ मे २०२१ च्या पहाटे ग्दान्स्कमधल्या युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात पेनल्टीच्या सलग एकवीस किका जाळ्यात गेल्या आणि बाविसावी त्यांच्याच गोलकीपरची, डे हेआची, अडवली गेली. १०–११. आमच्याकडे तेव्हा तीन वाजून गेलेले, दुसरी लाट चालू. माझा युनायटेडवाला मित्र सांगतो की त्याने फोन बंद केला आणि अंगणात जाऊन उभा राहिला. का, ते त्यालाही सांगता येत नाही.

तर, एवढ्या पराभवांची सवय असलेल्या पिढीकडे पराभवाची भाषा तयार असायला हवी होती. ती आहे का?

वर्तमानपत्रांकडे आहे. दारुण पराभव, धुव्वा, धूळ चारली, नामुष्की, लाजिरवाणी हार, खडे चारले, पानिपत. सगळे शब्द रणांगणावरचे किंवा बेअब्रूचे. मराठी खेळपानाला घडवणारी माणसं होऊन गेली. वि. वि. करमरकरांनी खेळाच्या बातमीला स्वतंत्र पान आणि मान मिळवून दिला, बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून क्रिकेट मराठीत आणलं. झेल, षटक, यष्टी हे शब्द घराघरात गेले ते अशा कष्टांनी. कबड्डीला तर कुणाकडून शब्द आणावेच लागले नाहीत. युरोपातल्या फुटबॉलच्या वाट्याला असा माणूस आला नाही. वृत्तसंस्थेची इंग्रजी बातमी रात्री उशिरा यायची, तिचं घाईत भाषांतर व्हायचं आणि घाईत भाषांतर करणाऱ्याच्या हाताशी जे शब्द असतात तेच पडायचे. आक्रमण, बचावफळी, धुव्वा. त्यातून स्कोअर कळतो. बघणाऱ्याचं काय झालं ते कळत नाही, आणि बातमीकडून ती अपेक्षाही नसावी. वाईट इतकंच की तेच शब्द आम्ही उचलले, कारण पराभवासाठी दुसरे मराठी शब्द आम्ही छापलेले पाहिलेच नव्हते.

‘पानिपत’ या शब्दापाशी जरा थांबतो. १४ जानेवारी १७६१ ची ती लढाई आपल्या बोलण्यात इतकी मुरली आहे की गणिताच्या पेपरात सुद्धा पोरांचं पानिपत होतं. पण तिची बातमी दक्षिणेत आली ती कशी, हे सगळ्यांनी शाळेत ऐकलेलं असतं: सावकारी पत्रातून, सांकेतिक भाषेत. मोती गळाले, मोहरा गेल्या, खुर्द्याची गणतीच नाही. थेट सांगवत नाही म्हणून आडून सांगायचं. मीमचं व्याकरण हेच आहे. आठ गोल खाल्ल्यावर आमच्या ग्रुपवर रात्री अडीचनंतर जे सुरू झालं त्यात कुणीही ‘मला वाईट वाटतंय’ असं लिहिलं नाही. ‘अशी ही बनवाबनवी’च्या फ्रेमवर बार्सिलोनाच्या बचावफळीची नावं चिकटवली गेली. सकाळी आठ वाजून दोन मिनिटांनी घड्याळाचे स्क्रीनशॉट आले. तिरंग्याचं स्टेटस आणि त्याच्या पुढच्याच स्वाइपला ८–२.

मीम टाकणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. त्यातले दोन मीच बनवले होते आणि एक बरा होता. पण त्या सावकारी पत्रात आणि मीममध्ये एक मोठा फरक आहे. पत्रातल्या प्रत्येक मोत्यामागे एक माणूस होता, आणि वाचणाऱ्याने तो ओळखायचा होता. संकेत उलगडला की आत दुःख सापडायचं. मीम उलगडला की आत दुसरा मीम सापडतो. शत्रूपक्षाने, म्हणजे रिआलवाल्यांनी, हसायच्या आत आपणच हसून घ्यायचं, एवढंच त्याचं काम. ते तो चोख करतो. म्हणून तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं संपलेलं असतं आणि पोटात काय होतं ते तिथेच राहतं.

तिसरा प्रकार इंग्रजीतून आलेला राग. ‘सेतिएन आउट’, मग पुढे दुसऱ्या कुणाचंतरी ‘आउट’. ‘बॉटल केलं’, ‘चोक झाले’, ‘शेमफुल’. हे इंग्लंडमधल्या यूट्यूब चॅनेलवरून शिकलेलं रागावणं आहे. तिथे स्टेडियमबाहेर माइक धरलेला माणूस ओरडतो, कारण त्याने तिकिटाचे पैसे मोजलेले असतात, प्रवासाचे मोजलेले असतात, आणि त्याच्या ओरडण्याने पुढच्या शनिवारी शिट्ट्यांचा आवाज वाढू शकतो. खर्डीच्या मुलाने तेच वाक्य टाइप केलं की ते ऐकायला कुणी नसतं. मला तो राग खोटा वाटत नाही, पण अंगाला न बसणारा शर्ट वाटतो. दुसऱ्याच्या मापाचा.

मग खरं काही कुठे आहे का? मला ते सर्वनामात सापडलं.

इंग्रजी चाहता ‘वी’ म्हणतो, हिंदीवाला ‘हम’. मराठीत मात्र निवड करावी लागते: आम्ही की आपण. ‘आम्ही’मध्ये समोरचा नसतो, ‘आपण’मध्ये असतो. ही निवड आपण विचार न करता करतो, त्यामुळे ती खोटी करणं अवघड जातं. बार्सिलोनावाला बार्सिलोनावाल्याला लिहितो, ‘आपण हरलो’. रिआलवाल्याला उत्तर देताना तोच म्हणतो, ‘हो, आम्ही हरलो, मग?’ सामना चालू असताना हे सर्वनाम कसं घसरतं ते बघण्यासारखं असतं. मी त्या रात्रीचे मेसेज पुन्हा वाचले. सुरुवातीला ‘आपण प्रेस करायला पाहिजे’. दुसऱ्या गोलनंतर ‘आपली डिफेन्स लाइन कुठे आहे’. चौथ्यानंतर ‘ही टीम संपली’. सहाव्यानंतर ‘बार्सा म्हातारी झाली’. आपण, आपली, ही, ती. ऐंशीएक मिनिटांच्या खेळात माणूस चार पावलं मागे सरकला. आणि शिटी वाजल्यावर, सगळ्यांचं बोलून झाल्यावर, एकाने लिहिलं: ‘झोपा आता आपण सगळे.’ तो ‘आपण’ परत आला, पण त्यात आता क्लब नव्हता. त्यात फक्त ग्रुपवरचे अकरा जण होते. (अकराच. योगायोग.)

मला हे त्या रात्रीचं सगळ्यात चांगलं लेखन वाटतं. लिहिणाऱ्याला पत्ताही नाही.

या ‘आपण’वर आमचा हक्क काय, हा प्रश्न मला बरेच दिवस टोचत होता. बार्सिलोना हा क्लब कुणा एका शेठचा नाही, सभासदांच्या मालकीचा आहे. अध्यक्ष ते मत देऊन निवडतात. त्या पराभवानंतर तीन दिवसांत प्रशिक्षक सेतिएनची हकालपट्टी झाली, पुढच्या आठवड्यात मेस्सीने क्लब सोडायचं कळवलं, आणि अध्यक्ष बार्तोमेऊंवरच्या अविश्वासासाठी २० हजारांहून जास्त सभासदांनी करोनाच्या दिवसांत जाऊन सह्या केल्या. २७ ऑक्टोबरला बार्तोमेऊंनी राजीनामा दिला. तिथे ‘आपण हरलो’ म्हणणाऱ्याच्या हातात पेन होतं. आमच्या हातात स्टेटस. तसं म्हटलं तर भातसा आणि तानसा आमच्या तालुक्यात, पाणी मुंबईला, आणि उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत आमच्या बाया. मुंबईकराला यातलं एकाही गावाचं नाव ठाऊक नसतं. दुरून जीव लावणाऱ्याला आणि दुरून पाणी देणाऱ्याला कुणी विचारत नाही, याची इथे सवय आहे.

पण त्या रात्रीची एक गोष्ट मला नंतर लक्षात आली. लिस्बनचं स्टेडियम रिकामं होतं. करोनामुळे प्रेक्षकांना बंदी. पिढ्यान्‌पिढ्या सभासद असलेल्या कॅटलान म्हाताऱ्यानेही तो सामना घरात बसून पडद्यावरच पाहिला. त्रेसष्टाव्या मिनिटानंतर एकही गोल झाला नाही अशी जवळजवळ वीस मिनिटं चाललेली शांतता आणि मग शेवटच्या आठ मिनिटांतले तीन गोल त्यानेही तसेच सोसले, हातात काही न धरता. तेवढे नव्वद मिनिटं आसनगाव आणि बार्सिलोना मैदानापासून सारख्याच अंतरावर होते. फरक इतकाच की त्याच्या घरात आवाज चालू असेल.

आता तुलनेसाठी दोन ठिकाणी जाऊन येऊ. पहिलं जवळचं. महाराष्ट्रात फुटबॉलच्या पराभवाची स्वतःची भाषा असलेलं एक गाव आहे, कोल्हापूर. तिथे तालमींचे संघ आहेत – पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब – आणि शाहू स्टेडियमवर त्यांच्या सामन्याला गर्दी लोटते, कधीकधी पोलिसांना मध्ये पडावं लागेल इतकी. तिथे हरलेला माणूस स्टेडियममधून पायी घरी जातो. वाटेत जिंकलेल्या पेठेतून जावं लागतं. चहाच्या टपरीवर उत्तर द्यावं लागतं, आणि ते कोल्हापुरीत द्यावं लागतं, मीममध्ये नाही. तिथल्या पराभवाला रस्ता आहे, शेजारी आहे, दुसरा दिवस आहे. विश्वचषक आला की तीच पोरं ब्राझील नाहीतर अर्जेंटिनाचे झेंडे लावतात, पण त्या परक्या संघांना ती आपल्या गल्लीत आणून बसवतात. आमचं उलट आहे. आम्हाला गल्लीत संघ नाही, म्हणून आम्ही थेट परगावी राहायला गेलो.

दुसरं ठिकाण पुस्तकातलं. निक हॉर्नबीचं ‘फीवर पिच’ १९९२ सालचं. आर्सेनलच्या चाहत्याचं आत्मकथन, प्रकरणांना सामन्यांच्या तारखा. त्यात १९६९ चा लीग कपचा अंतिम सामना आहे. आर्सेनल तिसऱ्या श्रेणीतल्या स्विंडनकडून १–३ हरतं. हॉर्नबी तेव्हा अकरा वर्षांचा. मला त्या प्रकरणात सगळ्यात भावतं ते हे की सामन्याइतकीच जागा त्याच्या घराला आहे. वेगळे झालेले आई-वडील, शनिवारी भेटणारा बाप, शाळेत वाट बघणारी पोरं. पराभव त्या सगळ्यात मिसळतो आणि मगच तो त्याचा होतो. युद्धाचा एकही शब्द न वापरता.

मराठीत असं काही नाही. फुटबॉलभोवतीची आपल्याकडची गाजलेली कलाकृती म्हणजे नागराज मंजुळेंचा ‘झुंड’, २०२२ चा, तोही हिंदीत. नागपूरच्या विजय बारसेंच्या कामावर बेतलेला. मला तो आवडतो. पण त्यातली पोरं खेळतात. खेळ त्यांना कुठेतरी घेऊन जातो. जो खेळत नाही, कुठे जातही नाही, नुसता रात्री बघतो आणि हरतो, त्याची गोष्ट अजून कुणी लिहिलेली नाही. कदाचित ती लिहिण्याजोगी वाटत नसेल. उशीला टेकवलेला फोन, बफरिंगचं गोल फिरणारं चक्र, गोल झाला हे लिंकच्या आधी ग्रुपवर कळणं, घशात दाबलेली शिवी, आणि सकाळी कंपनीच्या बसमध्ये लाल डोळे. नाट्य कुठे आहे यात? मला वाटतं, आवाज बंद असण्यातच ते आहे. हॉर्नबीला ओरडायला साठ हजार माणसं होती. आमच्या मुलाला साधा ‘अरे’ सुद्धा तोंडातल्या तोंडात म्हणावा लागतो. या मुक्या पराभवाला धुव्वा आणि पानिपत कसे पुरतील?

ते शब्द किती पोकळ आहेत हे मला ७ मे २०२५ च्या पहाटे कळलं. मिलानमध्ये इंटर विरुद्ध बार्सिलोना, उपांत्य फेरीची दुसरी लढत. पहिली ३–३. आपल्याकडे साडेबाराला सामना सुरू झाला. बार्सिलोना ०–२ वरून ३–२ वर आली, दहा वर्षांनी अंतिम फेरी काही सेकंदांवर दिसत होती, आणि भरपाई वेळेत इंटरच्या आचेर्बीने, सदतीस वर्षांच्या बचावपटूने, बरोबरी केली. पण त्याच्या बरंच आधी आमच्या ग्रुपवर दुसऱ्याच बातम्या यायला लागल्या होत्या. रात्री एक ते दीडच्या दरम्यान भारताने पाकिस्तानात आणि पाकव्याप्त काश्मीरमध्ये हल्ले केले होते. ऑपरेशन सिंदूर. एका टॅबवर सान सिरो, दुसऱ्या टॅबवर न्यूज चॅनेल. ‘हल्ला’, ‘नेस्तनाबूत’, ‘प्रत्युत्तर’ – आम्ही इतकी वर्षं लेवांडोव्स्कीबद्दल वापरलेले शब्द त्या रात्री खऱ्या क्षेपणास्त्रांसोबत पडद्यावर आले. त्यानंतर कुणालाही ते फुटबॉलसाठी टाइप करवेनात. ग्रुपवरच्या एकाचा भाऊ सैन्यात आहे. तो ऑनलाइन दिसत होता, काही लिहीत नव्हता.

जादा वेळेत, नव्व्याण्णवाव्या मिनिटाला फ्रात्तेसीने गोल केला. ४–३. सामना संपला तेव्हा तीन वाजून गेले होते. मीम आला नाही. ‘आउट’ कुणी म्हटलं नाही. पाच-सहा मिनिटं ग्रुपवर काहीच नव्हतं.

आमच्यात एक मुलगी आहे, मुरबाडच्या पुढची, कल्याणला कॉलेजला एसटीने येते. ती फारशी बोलत नाही. तिने एक शब्द लिहिला: ‘हरलो.’

मुलगा ‘हरलो’ म्हणतो तेव्हा तो एकटा हरला की सगळे हरले हे कळत नाही. ‘मी हरलो’, ‘आम्ही हरलो’, ‘आपण हरलो’, क्रियापद तेच. इतकी वर्षं आम्ही त्या आडोशाला लपत आलो. मुलीला तो आडोसा नाही. एकटी असती तर तिला ‘हरले’ लिहावं लागलं असतं. (कोल्हापूरची असती तर गोष्ट निराळी, तिथल्या बायका ‘मी आलो’ म्हणतात. ही मुरबाडची आहे.) तिने ‘हरलो’ लिहिलं, म्हणजे त्यात आम्ही सगळे होतो. क्लब होता की नव्हता, सांगता येत नाही.

त्या मेसेजला सैन्यातल्या भावाच्या भावाने अंगठा दिला. मग मी दिला. मग तिने लिहिलं की सव्वासहाची गाडी आहे, झोपते.